आडवी बाटली आणि मष्णाजीचा माईक

पंचायत समितीची मीटिंग अकराची असते आणि साहेब येतात एकला. मधले दोन तास आम्ही वीस-बावीस ग्रामसेवक समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे असतो. एवढ्या वर्षांचे असे दोन-दोन तास जोडा, म्हणजे किती किस्से साठले असतील ते कळेल. कुणाच्या गावात नळातून बेडकाचं पिल्लू आलं, कुणाच्या गावात झेंडावंदनाला दोरीच सापडेना. पण दारूच्या दुकानाचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतात. "अहमदपूरकर, तुमचं सांगा."

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, अहमदपूरकडचा. नोकरी मात्र नांदेड जिल्ह्यात, नायगाव आणि बिलोलीच्या मधल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही उद्या सकाळी तिथंच जायचं आहे.

*

आधी मष्णाजी सांगतो, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

मष्णाजी आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. दिवाबत्ती, पाणी सोडणं, नोटिसा वाटणं, सगळं तोच. पण त्याची खरी हौस माईक. ऑफिसच्या छतावर चारी दिशांना चार भोंगे आहेत. काही कळवायचं असलं की हा घसा साफ करून माईकपुढं उभा राहायचा. "समद्या गावाला कळविण्यात येतंय की..." आवाज असा, की शेजारच्या गावातल्या लोकांना आमच्या पाणी सोडायच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

एकच खोट. माईक चालू करायला विसरायचा नाही, बंद करायला विसरायचा. त्यामुळं ऑफिसात शिंक आली तरी गावाला कळायची. एकदा बायकोचा फोन आला, मी आपला बोलत बसलो. "मेथी? बरं, बघतो कुठं मिळाली तर." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पायरीवर मेथीच्या सात जुड्या होत्या.

मष्णाजी प्यायचा. पण आठवड्यातून एकदा, नायगावच्या बाजाराच्या दिवशी. त्याची बायको धुरपताबाई मोठी खमकी. त्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आवं, तोंड करा हिकडं." हा तोंड पुढं करायचा. वास नसला तर ती म्हणायची, "बरं. चला जेवायला." वास असला तर एक शब्द बोलायची नाही. मागं वळून चालायला लागायची, आणि हा दहा पावलं मागून गुपचूप निघायचा. आम्हाला ऑफिसात बसून निकाल कळायचा.

बाजार आठवड्यातून एकदाच, म्हणून संसार चालला होता.

*

मग शेठ आला.

शेठचं दुसऱ्या गावात देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. तिथं धंदा बसला, म्हणून त्याला ते आमच्या गावात हलवायचं होतं. जागा कुठली, तर आमच्या ऑफिसच्या बरोबर समोर, चौकात.

आता दुकान आणि शाळा यांच्यात ठराविक अंतर लागतं. दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर टेप घेऊन आले. टेपचं एक टोक त्यांच्याकडं, दुसरं मष्णाजीकडं. दुकानाच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालायच्या वाटेनं मोजलं. सात-आठ पावलं कमी भरली.

"नाही जमत," इन्स्पेक्टर म्हणाले.

शेठ हसला. पुढच्या आठवड्यात त्यानं पुढचं दार विटा लावून बुजवलं आणि शटर मागच्या बाजूला काढलं. इन्स्पेक्टर परत आले, टेप परत निघाली. मागच्या दारातून निघून, भिंतीला वळसा घालून, पिठाच्या गिरणीवरून शाळेपर्यंत. आता कसंबसं भरलं. गावातली म्हातारी माणसं कुरकुर करून राहिली होती, तेवढ्यात मष्णाजी टेप गुंडाळत म्हणाला, "साहेब, हे तर जातानाचं झालं. येतानाचं मोजलं तर आणखी लई भरंल. तिथून कुणी सरळ येत न्हाई."

इन्स्पेक्टरसुद्धा हसले. शेठनं मष्णाजीच्या पाठीवर थाप मारली. "बहाद्दर हायस. दुकान उघडलं की पहिली बाटली तुला."

मी पण हसलो. खोटं कशाला सांगू?

*

अंतर जमलं तरी गावाचा ठराव लागतो. ग्रामसभेनं हरकत नाही म्हणायला पाहिजे.

आमच्या सरपंच शोभाताई. कारभार त्यांचे मालक बालाजीराव बघायचे, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. ग्रामसभा ठेवली ती घरकुलाच्या यादीसाठी. घरकुलाचं नाव काढलं की अख्खं गाव येतं. बायाही आल्या, हजेरीवर सह्या केल्या, अंगठे लावले, यादी ऐकली, आपापलं नाव आलं का बघितलं आणि चुलीची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

मग बालाजीराव म्हणाले, "आयत्या वेळचे विषय."

ही आमच्या लाईनमधली जुनी खिडकी आहे. जे दारातून आत येत नाही ते आयत्या वेळच्या विषयातून येतं. दुकानाचा विषय वाचला, उरलेल्या पंधरा-वीस गड्यांनी माना हलवल्या, ठराव मंजूर. हजेरीवर बायांच्या सह्या होत्याच. लिहिला कुणी? मीच लिहिला. अक्षर माझं आहे, अजून फायलीत आहे. तेव्हा वाटलं, सगळ्या गावात असंच चालतं, आपण एकटं कशाला आडवं पडायचं?

दुसऱ्या दिवशी शेठ पेढे घेऊन ऑफिसात आला. मष्णाजीनं नुकतंच पाण्याचं कळवलं होतं आणि तो मोटार चालू करायला गेला होता. शेठ, बालाजीराव आणि मी, आम्ही तिघं बसलो. शेठ म्हणाला, "मानलं बालाजीराव. बाया घरकुलाला आल्या अन् मपल्या दुकानाला सह्या देऊन गेल्या."

बालाजीराव म्हणाले, "बायांना काय कळून राहिलंय त्यातलं."

आणि मी म्हणालो, "पेढा चांगला आहे."

बाहेर एकदम गलका झाला म्हणून मी खिडकीतून बघितलं. चारी गल्ल्यांतून बाया येत होत्या. पुढं धुरपताबाई, हाताला जवारीचं पीठ तसंच. माईककडं नजर गेली तर त्याचा लाल दिवा लागलेला. शेठ मागच्या दारानं गेला. बालाजीरावांना अचानक शेत आठवलं. राहिलो मी आणि पेढ्यांचा डबा.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. धुरपताबाई दारात उभी राहिली, डब्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, पेढा लई गोड होता का?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत मेमो मिळाले, चौकशा झाल्या. एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

*

ठराव वर गेला होता, तो काही फिरला नाही. दुकान उघडलं.

मष्णाजीला शेठनं शब्द दिल्याप्रमाणं पहिली बाटली दिली. पुढच्या मग तो स्वतःच घ्यायला लागला. घर ते ऑफिस, मधे चौक, चौकात दुकान. दिवसातून चार वेळा त्याच वाटेनं जायचं. मी एकदा रागावलो तर म्हणाला, "साहेब, म्या न्हाई जात हो. पायच वळतेत. बाजाराला जायचं तर आठ दिवस इचार कराय मिळायचा. आता इचार कराय टाईमच न्हाई."

धुरपताबाई आता रोज संध्याकाळी यायची. रोज तेच, "आवं, तोंड करा हिकडं." आणि रोज ती न बोलता मागं वळायची. "बरं" हा शब्द आम्ही सहा-सात महिने ऐकला नाही.

मग त्याचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात अठरा दिवस काढले. डॉक्टरांनी धुरपताबाईला बाजूला घेऊन सांगितलं, या वेळी वाचला, आता परत सुरू झालं तर इकडं आणायची गरज पडणार नाही.

दवाखान्यातून ती मष्णाजीला घेऊन थेट ऑफिसात आली. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ठराव तुम्ही लिव्हला. आता पुसायचा कसा ते बी तुम्हीच सांगा. कायदा असंल ना कायतरी?"

कायदा होता. मी सगळा सांगितला. गावातल्या पाव बायांनी सह्या करून अर्ज द्यायचा. सह्या खऱ्या का खोट्या ते साहेब लोक येऊन तपासणार. मग मतदान, ते पण फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. आणि मेख अशी, की मतदार यादीत बायांची जेवढी नावं असतील त्याच्या अर्ध्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. जी आली नाही, ती उभीच्या बाजूनं धरायची.

कोपऱ्यात मष्णाजी स्टुलावर बसला होता, काठीसारखा वाळलेला. त्यानं विचारलं, "साहेब, मला मत न्हाई का?"

ऑफिसातले सगळे खो खो हसले. "तुझं मत माहीत आहे रे, उभीच."

धुरपताबाई हसली नाही, एवढं मला आठवतंय.

*

सह्या तपासायचा दिवस आला. इन्स्पेक्टर टेबल टाकून बसले. पद्धत सोपी. बाईला बोलवायचं, नाव विचारायचं, नवऱ्याचं नाव विचारायचं, यादीशी ताडून बघायचं. दोन मिनिटांचं काम. जेवायच्या आत उरकून निघू, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच नंबरला सत्तरीच्या चौतराबाई. "नाव?" त्यांनी सांगितलं. "पतीचं नाव?"

चौतराबाई खाली बघून लाजल्या.

"आजी, पतीचं नाव सांगा."

"असं कसं घेऊ नाव? मालकाचं नाव सरळ घ्यायचं नसतं."

"मग मी तपासू कसं?"

चौतराबाईंनी पदर डोक्यावर ओढला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जवारीच्या भाकरीवर वाढलं तूप, मारोतरावांचं नाव घेते, दुकानाला लावा कुलूप."

मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. झालं. त्यानंतर एकही बाई सरळ नाव सांगेना. ज्या पोरी घरात नवऱ्याला नावानं हाका मारतात त्यासुद्धा लाजायला लागल्या. कुणाला उखाणा सुचेना तर मागच्या बाया सुचवायच्या. एकीला दुसऱ्यांदा घ्यायचा होता, पहिला नीट जमला नाही म्हणून. इन्स्पेक्टर साहेब बेजार. दुपारचा डबा गार झाला, दिवस कलला, तरी उखाणे चालूच.

संध्याकाळी शेवटची सही तपासून ते उठले, कंबर सरळ केली आणि मला म्हणाले, "एकही सही खोटी नाही हो. खोटी बाई एवढा वेळ थांबलीच नसती."

*

मग चिठ्ठीचा सराव. बऱ्याच बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा चित्र ओळखता आलं पाहिजे. धुरपताबाईनं देवळाच्या पारावर बाया बसवल्या आणि पोत्यातून रिकाम्या बाटल्या काढल्या. एक उभी ठेवली, एक आडवी. मग प्रत्येकीला समजावं म्हणून आणखी काढल्या. वीस-पंचवीस तरी असतील.

एकीनं विचारलं, "अगं बाई, एवढ्या बाटल्या कुठून आणल्यास?"

"आणायला कशाला जाऊ? घरातलंच सामान हाय."

बाटल्या सगळ्यांना कळल्या. मग मी नमुन्याची चिठ्ठी वाटली आणि घोटाळा झाला. चौतराबाईंनी कागद हातात घेतला, जरा लांब धरला, जरा फिरवला आणि म्हणाल्या, "साहेब, ही तर आता उभी राह्यली."

बघतो तर खरंच. कागद आडवा धरला की आडवी बाटली उभी होते आणि उभी आडवी पडते. आम्ही शिकलेली माणसं, कागद सरळच धरणार. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन मी हिशेब केला, अशा दीड-दोनशे बाया तरी होत्या, आणि त्यांनी मनापासून दुकानाच्या बाजूनं शिक्के मारले असते. घाम फुटला मला.

खुणा सांगून बघितल्या. डावं-उजवं सांगितलं, त्यात आणखी गोंधळ. शेवटी धुरपताबाईनंच तोड काढली. चिठ्ठी पुस्तकातून फाडतात, त्यामुळं खालची कड खरबरीत असते. तिनं बोट फिरवून दाखवलं. "हे बघा बायांनो, फाटलेली बाजू पोटाला. मग जी पडली आसंल ती पडली."

पुढचे आठ दिवस गावात विहिरीवर, गिरणीवर, शेतात, जिकडं तिकडं एकच. "फाटलेली बाजू?" "पोटाला." शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली.

*

आता यादी. एका दुपारी मी आणि धुरपताबाई यादी घेऊन बसलो, मष्णाजी एकेक नाव वाचत होता. गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं तशीच होती. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं तशीच होती. ही सगळी नावं शेठच्या बाजूनं, काही न करता. धुरपताबाई म्हणाली, "मेलेल्यांचं आपल्या हातात न्हाई. पर लेकी तर जित्या हायत ना?"

तिनं बोटावर दिवस मोजले. "पंचमीला समद्या माहेरी येतेत. मतदान पंचमीच्या दुसऱ्या दिवशी लागलं तर?"

आम्ही तहसीलला विनंती अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, शेवटी लिहिलं, "सणानिमित्त महिला मतदार उपलब्ध." तहसीलदारांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि तारीख दिली.

त्या वर्षीसारखी पंचमी गावानं बघितली नव्हती. कुणी उदगीरहून आली, कुणी देगलूरहून, एक तर निजामाबादेहून तान्हं घेऊन आली. झाडाला झोके बांधलेले, आणि झोक्यावरच्या पोरी एकमेकींना ओरडून विचारत होत्या, "फाटलेली बाजू कुठं गं?"

*

शेठही काही दुधखुळा नव्हता. त्यानं साड्या वाटल्या नाहीत, भांडी वाटली नाहीत. त्याला मतं नकोच होती. बाया लांब गेल्या की त्याचं काम होत होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला वाडीवर त्याची मोठी गाडी उभी. माहूरच्या देवीचं फुकट दर्शन, येता-जाता चहा-नाश्ता. वाडी आमच्याच ग्रामपंचायतीतली, पण गावापासून लांब, तिथल्या बाया सरावाला आल्या नव्हत्या. त्यांना सांगितलं, मतदान दिवसभर हाय, चारला आणून सोडतो. चाळीस बाया बसल्या. देवीला कोण नाही म्हणणार?

आणि गाडीबरोबर बायांची देखभाल करायला शेठनं पाठवलं कुणाला? मष्णाजीला. वाडीवरच्या एकानं डोळ्यांनी बघितलं, शेठनं त्याच्या पिशवीत दोन बाटल्या टाकल्या. "मतदान हाय, आज दुकान बंद. हे तुझं दोन टायमाचं. गाडी लवकर आणू नको."

ही बातमी नऊ वाजता शाळेत पोचली. मतदान सुरू होतं, रांग फाटकापर्यंत. धुरपताबाई फाटकाबाहेर लेकुरवाळ्या बायांची पोरं सांभाळत बसली होती. ऐकलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "चाळीस बाया गेल्या साहेब. अन् ह्यो बी गेला. कुणाला रडू, सांगा." डोळे पुसले आणि कडेवरच्या पोराचं नाक पुसायला लागली.

दुपारी तीनपर्यंत मी आकडा धरत होतो. आलेल्या सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला असता तरी काठावर. आणि सगळ्या मारणार नाहीत, हे मलाही माहीत होतं. शेठच्या पाहुण्यारावळ्यांची घरं होतीच की. चार वाजले, गाडी नाही. साडेचार झाले. पाचला फाटक बंद होणार.

पाचला वीस मिनिटं कमी असताना हॉर्न ऐकू आला.

गाडी थेट शाळेपुढं. चाळीस बाया उड्या मारल्यागत उतरल्या. काय झालं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. ठिकठिकाणी थांबत रखडलेली गाडी नांदेडच्या पुढं बऱ्याच लांब, अकरा वाजता नाश्त्याला थांबली, तेव्हा मष्णाजी गाडीच्या दारात उभा राहिला. मूठ तोंडापुढं धरली, माईकसारखी. घसा साफ केला. "समद्या बायांना कळविण्यात येतंय की मतदान पाचला बंद होतं, अन् ही गाडी माहूरहून रातच्याला परत येती. जी आली न्हाई ती उभीच्या बाजूनं धरली जाईल."

ड्रायव्हर म्हणाला, मला शेठचा हुकूम आहे, गाडी माहूरलाच जाणार. तेव्हा चाळीस बाया खाली उतरल्या आणि गाडीच्या पुढच्या चाकांसमोर पंगत धरून शिदोऱ्या सोडून बसल्या. ड्रायव्हर दीड तास शेठला फोन लावत होता. बाया दीड तास जेवत होत्या. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "चला मायबाई, कुठं जायचं ते जाऊ."

तर त्या बाया रांगेत लागल्या. सराव झालेला नाही, कागद कसा धरायचा माहीत नाही. पण फाटकात झोक्यावरच्या पोरी उभ्याच होत्या, एकेकीला अडवून सांगत होत्या, "आत्या, फाटलेली बाजू पोटाला."

मष्णाजी सगळ्यात शेवटी उतरला. पिशवी काखेत गच्च धरलेली. धुरपताबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तीसुद्धा रांगेत जाऊन उभी राहिली.

मोजणी झाली. अर्ध्याच्या वर अकरा मतं. बाटली आडवी.

शाळेपुढं गुलाल उधळला, पोरी चौकात येऊन फुगड्या घालायला लागल्या. तहसीलचे लोक कागदावर सह्या घेत होते, मी म्हणालो, राहिलेलं ऑफिसात करू. दिवस मावळतीला आला होता. मी टेबलावर कागद पसरले आणि मष्णाजीला म्हणालो, "कळव गावाला."

तो माईकपुढं गेला. नेहमीसारखा घसा साफ केला. "समद्या गावाला कळविण्यात येतंय की... आपल्या गावातली बाटली... आडवी झाली." नेहमी तीनदा सांगायचा. त्या दिवशी एकदाच सांगितलं आणि तसाच उभा राहिला.

दारात धुरपताबाई आली होती. गुलालानं डोकं लाल. माझं लक्ष कागदात, पण आवाज दोन ठिकाणांहून यायला लागला तेव्हा मी मान वर केली. समोरून एक, आणि छतावरच्या भोंग्यांतून एक.

"आवं, तोंड करा हिकडं."

चौकातल्या फुगड्या थांबल्या, ते मला खिडकीतून दिसलं. मग भोंग्यांतून तिनं वास घेतल्याचा लांब श्वास ऐकू आला. मग परत एकदा.

"त्यानं दोन बाटल्या दिल्या व्हत्या म्हणं."

"हाव."

"मग?"

"पिशवीत हायत. बूच फोडलं न्हाई. तू बघ."

बाटलीवर बाटली आपटल्याचा आवाज झाला. मी उठून माईकच्या बटणाकडं हात नेला. तिनं माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पक्का होता.

"राहू द्या साहेब. त्या दिशी गावानं तुमचा पेढा ऐकला, आज हे बी ऐकू द्या." मग ती मष्णाजीकडं वळली. "बरं. चला जेवायला."